पंख्यामागे वारा नव्हता

दादा, आपल्या घरात सगळं गोणपाटाचं होतं. अंथरूण गोणपाटाचं, दाराला पडदा गोणपाटाचा, पावसात डोक्यावर घ्यायची खोळ गोणपाटाची. बाबा मार्केट यार्डात पोती उचलायचे आणि फाटलेली, कुणालाच नको असलेली घरी आणायचे. आई गाळ्यांसमोर सांडलेलं धान्य झाडून गोळा करायची आणि संध्याकाळी वारा सुटला की सुपानं उफणायची. वारा पडला की भरलेलं सूप हातात घेऊन तशीच उभी राहायची. त्या रात्री भाकरीत खडे. वाशिमकडून पोट भरायला आलेली माणसं आपण. वस्तीत आपल्याला पोतीवाले म्हणायचे, आणि तू त्यावरून मारामाऱ्या करून यायचास. हल्ली लोक गरिबीच्या आठवणी साखर घालून सांगतात. मी नाही सांगणार. गोणपाट टोचतं. त्याचा वास केसात बसतो आणि वर्गात शेजारी बसलेली मुलगी सरकून बसते.

बाबांची पाठ गेली तेव्हा तू शाळा सोडलीस आणि ट्रकवर क्लीनर म्हणून लागलास. पुढं ड्रायव्हर झालास, त्यानंतर हडपसरच्या कारखान्यात फिटरच्या हाताखाली. तिथून सुटी झाली की माळावर जाऊन बिनइंजिनाची विमानं उडताना बघत बसायचास. तिथंच तुला वेड लागलं. वेड हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. तू गेल्यावर लोक तुला ध्येयवेडा म्हणायला लागलेत. यातल्याच काही जणांनी तुझं नाव भंगारवाला पायलट ठेवलं होतं. माणूस गेला की त्याच्या वेडाला पुढं एक शब्द जोडून मिळतो, एवढाच काय तो फरक.

दहावीनंतर मी कॉमर्सला जाणार होते. बँकेत लागायचं, संपलं. तू जेवताना म्हणालास, “बँकेत लोकांच्या नोटा मोजत बसशील. त्यापेक्षा इंजिन शिक. मला लागणार आहे.” मला लागणार आहे, म्हणे. मी माणूस होते की पाना, कोण जाणे. पण मी सायन्स घेतलं आणि पुढं मेकॅनिकलला गेले. आपल्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, आणि हे मी कुणालाही, कुठंही, न विचारता सांगते. तू रिकाम्या वेळात भाड्याचा टेम्पो चालवायचास म्हणून मी चढले, हेही सांगते. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पण पुढचंही सांगायला हवं. मी पास झाले तेव्हा देशाची दारं उघडली, असं सगळे म्हणत होते. कॉलेजात कंपन्या रांग लावून येत होत्या. इंजिनांच्या कंपनीतला माणूस माझी मार्कलिस्ट बघून खूश झाला आणि अगदी सौजन्यानं म्हणाला, आम्ही मुलींना शॉपवर ठेवत नाही. माझ्यासाठी उघडलेलं दार संगणकाचं निघालं. दोन हजार साल तोंडावर आलं होतं, अमेरिकेतल्या बँकांच्या संगणकांतल्या तारखा दुरुस्त करायला त्यांना माणसं हवी होती, बाई असली तरी चालत होती. मी गेले. हिंजवडीला वातानुकूलित खोलीत बसले, आईला पक्कं घर मिळालं, आणि तू मला इंजिनिअरबाई म्हणायला लागलास. आधी लाडानं, नंतर तिरकसपणे.

तुझी शेड धायरीत, गावाच्या मागच्या अंगाला. पत्र्याची, बाजूला एक कडुनिंब, आणि समोर तेव्हा मोकळं रान. आत तुझं विमान. एका माणसाचं, लाकडी सांगाडा, वर ताणलेलं कापड. त्याचं इंजिन तू मुंबईच्या भंगारबाजारातून आणलं होतंस, कुठल्याशा जुन्या परदेशी मोटारीचं, चार सिलिंडरचं. पाण्यानं नाही, हवेनं थंड होणारं. मोटारीत असताना त्या इंजिनाला स्वतःचा पंखा होता आणि ती हवा सिलिंडरांवर नेणारं पत्र्याचं आवरण होतं. ते दोन्ही तू काढून टाकलंस, वजन नको म्हणून. त्यात तुझी चूक नव्हती. विमान उडायला लागलं की समोरून येणारा वारा ते काम करतो. पण उडायच्या आधी त्याला जमिनीवर चालावं लागतं, आणि जमिनीवर तो वारा नसतो.

शहराबाहेरच्या एका खाजगी धावपट्टीवरचे साहेब, हवाई दलातून निवृत्त झालेले, तुझं काम बघायला आले होते. कमी बोलणारा माणूस. सगळं विमान हातानं चाचपून बघितलं आणि एकच अट घातली. विमान बांधून ठेवून इंजिन तासभर सलग चालवून दाखवा, नीट जोरात. तापलं नाही तर माझ्या पट्टीवर आणा. तुला वाटलं, झालंच आता. पण तुझं इंजिन पाव तासात तापायचं. मागचा डावा सिलिंडर सगळ्यात आधी. तापमानाचा काटा लाल खुणेला भिडला की बबन हात हलवायचा आणि तू इंजिन बंद करायचास. बबन म्हणजे तुझ्या कारखान्यातला जोडीदार, तुझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवणारा. पुन्हा थंड होईपर्यंत तुम्ही दोघं चहा पीत बसायचात. दर रविवारी हेच.

मी तुला सांगितलं होतं, दादा. एकदा नाही, दर खेपेला. विमानाच्या नाकावरचा पंखा मोठा असला तरी त्याच्या मधल्या भागातून वारा येत नाही. तू हसलास.

“एवढा थोरला पंखा नाकासमोर फिरतोय आणि इंजिनिअरबाई म्हणतात वारा न्हाई.”

मी म्हटलं, घरी जा, छताच्या पंख्याच्या बरोबर खाली मान वर करून उभा राहा. वारा कडेच्या माणसाला लागतो, मधल्याला नाही. तुझे सिलिंडर मधे बसलेत. आणि जो थोडा वारा येतो तो सिलिंडरांभोवती उष्णता सोडायला असलेल्या पातळ पात्यांमधून जातच नाही, कारण बाजूनं मोकळी वाट आहे आणि हवेला कष्ट नको असतात. तू ऐकून घेतलंस आणि बबनकडे बघून डोळा मारलास.

म्हणून मी पुढच्या रविवारी आईच्या जुन्या लुगड्याचे दोरे काढून आणले. सिलिंडरांवर, पुढच्या कडेला, मागच्या बाजूला, जिथं जमेल तिथं बांधले. इंजिन सुरू केलंस. बाहेरच्या अंगाचे दोरे ताठ उभे राहिले. मागच्या डाव्या सिलिंडरावरचा दोरा मान टाकून लोंबत होता. मी बोटानं दाखवला. आई दारात खुर्ची टाकून बसली होती, तिलाही दिसला. तू बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघितलंस आणि इंजिन बंद करून म्हणालास, “दोरा ओला असंल.”

आई तेवढी हसली. मी खडू घेतला आणि शेडच्या दारावर चित्र काढलं. इंजिनावर बसणारा पत्र्याचा टोप. त्याचं तोंड मोठं आणि वर काढलेलं, म्हणजे पंख्याच्या ज्या भागातून खरा वारा येतो तिथून तो पकडेल. पुढं अरुंद होत जाईल आणि वारा वरून खाली, पात्यांमधून दाबेल. सिलिंडरांच्या मधल्या फटी पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद. जमिनीवरच्या चाचणीपुरता लावायचा, उडताना काढून ठेवायचा. आणि विमान वाऱ्याकडे तोंड करून बांधायचं, तुझ्यासारखं सावलीकडे तोंड करून नाही. तू म्हणालास, टोपडं घालून विमान कुणी चालवतं का. बबननं मान हलवली.

त्यानंतरच्या रविवारी मी आले तर तू गोणपाटं भिजवत बसला होतास.

मला आधी समजेना. तू खुशीत होतास. ट्रकवर असताना कात्रजच्या घाटात तुम्ही हेच करायचात, गाडी गरम झाली की इंजिनातल्या डिझेलच्या पंपावर ओलं पोतं टाकायचं आणि घाट चढून जायचं. उन्हाळ्यात दुधाच्या कॅनला ओलं पोतं, पाण्याच्या पिंपाला ओलं पोतं, बाबांच्या पाठीवर सुद्धा आई ओलं पोतंच टाकायची. आपल्या घरात तापलेल्या प्रत्येक गोष्टीवर एकच औषध होतं. ते तू विमानावर करून बघणार होतास. मी म्हटलं, ट्रकचा पंप वेगळा आणि तापलेलं सिलिंडर वेगळं. पोत्यानं पात्यांच्या फटी बुजतील, आहे तो वाराही बंद होईल. शिवाय एवढ्या तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर तडा जाईल. हे मी हळू सांगितलं नाही. हळू सांगायचे दिवस संपले होते.

तू मागच्या दोन्ही सिलिंडरांवर तारेनं पोती आवळलीस आणि इंजिन सुरू केलंस. वाफ निघाली. आणि काटा खरंच खाली आला. तू माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलंस ती नजर मी विसरलेले नाही. गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या बहिणीला एकदा हरवल्याचा आनंद होता त्यात, आणि दुसरंही काहीतरी, जरा कडवट. मग पोती वाळली. काटा चढायला लागला, आधीपेक्षा भराभर. तू इंजिन बंद केलंस, बबनला म्हणालास पाणी आण, आणि त्यानं भरलेली बादली तू स्वतःच्या हातानं ओतलीस.

टण्णकन आवाज आला. फार मोठा नव्हता. पेला फुटल्याएवढा. मागच्या डाव्या सिलिंडराचं हेड, त्याच्या डोक्यावरचं जाड झाकण, तडकलं होतं.

तेव्हा मी गप्प राहायला हवं होतं असं सुमनवहिनी आजही म्हणते. मला तसं वाटत नाही. मी म्हटलं, मला इंजिन शिकायला तूच पाठवलंस, आणि शिकून आल्यावर ऐकायचं मात्र घाटातल्या पोत्याचं. तू हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणालास, “शिकून काय झालीस? कारकूनच ना. मी तुला इंजिनासाठी शिकवली, तू पडद्यावर बटणं दाबत बसलीस. आता मला शिकवू नको.”

“काहून भांडून राहिले रे?” आई म्हणाली. मी चपला घातल्या आणि निघाले.

यावर आपलं भांडण राहिलं ते राहिलंच. मी शेडवर येणं बंद केलं. सणाला भेटायचो, आई आजारी पडली तेव्हा भेटलो, आई गेली तेव्हा शेजारी शेजारी उभे राहिलो. विमान सोडून सगळं बोललो. तू नवं हेड मिळवून बसवल्याचं मला वहिनीकडून कळलं. मला एक विचारायचं होतं तुला, दादा. कंपनीच्या माणसानं मला बाई म्हणून इंजिनापासून दूर ठेवलं. तू का ठेवलंस? त्याला मी परकी होते. तुला तर मी लागणार होते ना?

तू जाऊन महिना झाला नाही अजून. छातीत कळ आली तेव्हा सिंहगड रोडवर रिक्षात अडकला होतास, पुलाच्या अलीकडे, पुढं आणि मागं गाड्याच गाड्या. वहिनी शेजारी बसून हॉर्न वाजवणाऱ्यांना हात जोडत होती. समाचाराला आलेली माणसं आवाज खाली करून मला विचारतात, विमानातून पडले का हो? मी सांगते, नाही, ट्रॅफिकमधे गेला. त्यांची जरा निराशाच होते. महिनोन्महिने तुझ्या डाव्या हाताला मुंग्या येत होत्या, असं वहिनी आता सांगते. इंजिनाचा काटा डोळ्यात तेल घालून बघणारा माणूस तू. स्वतःचं काय, तर दुखलं की झंडू बाम.

तेराव्याला बबन माझ्याजवळ येऊन बसला. रडून रडून डोळे सुजले होते त्याचे. म्हणाला, “ताई, दादांचं डोकं कसलं होतं. शेवटी शेवटी त्यांनी एक पत्र्याचा टोप बनवलाय इंजिनाला. वारा वरनं पकडतो बघा. असलं कुणाला सुचलं नसतं. सगळं त्यांच्याच डोक्यातनं आलेलं हाय.”

“असं का?” मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. तेराव्याचं ताट समोर होतं. पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी तुझ्या जाण्याचं दुःख मागं पडलं आणि दुसरंच काहीतरी पुढं आलं. गेलेल्या माणसाशी भांडायची सोय नसते, हेच सगळ्यात वाईट.

दुसऱ्या दिवशी वहिनीला घेऊन शेडवर गेले. महिनाअखेरीला शेड रिकामी करून द्यायची आहे. समोरच्या रानात बारा मजले उभे राहिलेत, आता त्याला गाड्या लावायला जागा हवी, म्हणून तुझीही जागा विकली गेली. विमान तिथंच होतं. इंजिनावर टोप होता. माझाच टोप. पण खडूच्या चित्रापेक्षा चांगला, हेही लिहिते. तोंडाला तू कडा वळवल्या होत्यास, वारा अडखळू नये म्हणून. ते मला सुचलं नव्हतं. सिलिंडरांच्या मधल्या पट्ट्या इतक्या नेमक्या बसवल्या होत्यास की पोस्टकार्ड आत गेलं नसतं. आणि पत्र्याच्या दारावर माझं चित्र तसंच होतं. पुसट झालेल्या रेषांवरून कुणीतरी पुन्हा खडू फिरवलेला.

मी वहिनीला विचारलं, चालवून बघितलं का त्यानं. ती म्हणाली नाही. होळीच्या आधीपासून तयार होतं.

“मग?”

“म्हणायचे, शकू आली की चालवू. मी म्हटलं, अहो, फोन करा की मग. तर म्हणे, मी नाही करणार. तिला यायचं असंल तर येईल.”

दादा, हे तू काय केलंस? दोरा लोंबताना बघितलास, चित्र जपलंस, टोप बनवलास, बबनला सांगितलंस माझ्याच डोक्यातून निघाला, आणि मग माझी वाट बघत बसलास? फोन तुझ्याच्यानं होईना? ‘शकू, तुझं बरोबर होतं.’ चार शब्द. मी हिंजवडीहून रिक्षा करून आले असते. आल्यावर तुला टोमणा मारला असता, हे खरं, तो तुझ्या हक्काचा होता. पण आले असते. मी स्वतःहून यायला हवं होतं, असं म्हणणारे नातेवाईक आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांना मी विचारते, तडा कुणी पाडला?

वहिनी म्हणाली, जागा सोडायच्या आधी एकदा चालवू या का. तिनंच साहेबांना फोन केला.

रविवारी दुपारनंतर आम्ही विमान बाहेर काढलं. कडुनिंबाला शेपूट दोरानं बांधलं, तोंड पश्चिमेकडे, कारण धायरीत संध्याकाळचा वारा तिकडूनच येतो. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन टोपाचे सगळे स्क्रू तपासले. शेडमधली पोती बबननं वाळूनं भरली आणि चाकांपुढे ओळीनं टाकली. त्यांना अखेर योग्य काम मिळालं. साहेब खुर्चीवर न बसता उभे राहिले. बबननं पंख्याला झटका दिला. मी आत बसले, तुझ्या जागेवर. जागा तू तुझ्या मापाची केली होतीस, माझे पाय पुरेनात, पाठीमागं उशी घेतली.

वेग वाढवला तसं सगळं विमान दोराला ओढ घेऊन थरथरायला लागलं. मी कुणाकडेच बघत नव्हते, फक्त मागच्या डाव्या सिलिंडराच्या काट्याकडे. तो चढला. पाव तास झाला, तुझी नेहमीची वेळ आली, आणि बबनचा हात सवयीनं वर गेला. काटा लाल खुणेच्या बराच खाली थांबला होता. तिथंच थांबून राहिला. समोरच्या बाराव्या मजल्यावरून माणसं बाल्कनीत येऊन ओरडत होती, आवाज बंद करा म्हणून, आणि वहिनी खालून त्यांना हात जोडत होती. यावेळी मात्र हसून.

तास झाल्यावर मी इंजिन बंद केलं. साहेबांनी जवळ येऊन टोपावर हात ठेवला, आत वाकून पट्ट्या बघितल्या आणि विचारलं, हे कुणाचं डोकं?

बबन म्हणाला, “आमच्या दादांचं.”

“डोकं माझं,” मी म्हणाले. “हात त्याचे.”

मी बबनला दारावरचं चित्र दाखवलं नाही. वहिनीनं दाखवलं.

तुझं विमान उडालं नाही. ते चालवणारं आता कुणी नाही, आणि साहेब त्याचे पंख उतरवून ते धावपट्टीवरच्या शेडमधे नेऊन ठेवणार आहेत. पण त्यांनी घातलेली अट पुरी झाली. तुझं इंजिन जमिनीवर बांधलेल्या स्थितीत, नीट जोरात, तासभर सलग चाललं आणि तापलं नाही.